जॉन हचिन्सन (शल्यवैद्य)

जॉन हचिन्सन (१८११ – जुलै १८६१) हे इंग्लिश शल्यवैद्य आणि शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक होते. फुफ्फुसांत किती हवा मावते आणि त्यांपैकी किती हवा माणूस आपल्या प्रयत्नाने बाहेर टाकू शकतो, हे मोजणारे स्पायरोमीटर (श्वसनमापक) हे उपकरण त्यांनी उपयोगात आणले. या मोजमापासाठी त्यांनी रूढ केलेली ‘व्हायटल कपॅसिटी’ अर्थात जीवनक्षमता ही संज्ञा आजही वैद्यकशास्त्रात वापरली जाते. दमा असलेल्या किंवा वारंवार घरघर होणाऱ्या मुलांच्या फुफ्फुसांची जी तपासणी आज केली जाते, तिचा पाया हचिन्सन यांच्या कार्यात आहे. मात्र त्यांचे उपकरण सांगितल्याप्रमाणे फुंकर घालू शकणाऱ्या माणसासाठी होते. ज्यांना ते जमत नाही अशा बालकांपर्यंत ही विद्या पोहोचण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

हचिन्सन यांचा जन्म इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसल शहराजवळील रायटन या गावी झाला. हा परिसर कोळशाच्या खाणींचा. खाणीतील हवा, धूळ आणि धाप यांचा तेथील कष्टकऱ्यांच्या आयुष्याशी रोजचा संबंध होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेऊन १८३६ मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे सभासद झाले. काही काळ त्यांनी साउदॅम्प्टन येथील दवाखान्यात शल्यवैद्य म्हणून काम केले. पुढे लंडनमध्ये ते ब्रिटानिया या आयुर्विमा कंपनीचे वैद्य झाले. ब्रॉम्प्टन येथील क्षयरोग्यांच्या रुग्णालयातही त्यांनी साहाय्यक वैद्य म्हणून काम पाहिले. वैद्यकाखेरीज त्यांना व्हायोलिनवादन, चित्रकला आणि मूर्तिकाम यांचीही आवड होती.

तत्कालीन पार्श्वभूमी

हचिन्सन यांच्या काळी क्षयरोग हे युरोपातील मृत्यूचे एक प्रमुख कारण होते. क्षयाच्या जंतूचा शोध १८८२ मध्ये आणि क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला. त्यामुळे १८४० च्या सुमारास छातीचा आजार ओळखण्यासाठी वैद्याकडे बोटांनी छाती ठोकून पाहणे आणि फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेला स्टेथोस्कोप, एवढीच मुख्य साधने होती. ही दोन्ही साधने ऐकणाऱ्याच्या कानावर आणि अनुभवावर अवलंबून होती. एका वैद्याला जे ऐकू येई ते दुसऱ्याला येईलच असे नव्हते आणि जे ऐकले ते आकड्यांत नोंदवता येत नव्हते.

श्वासाची हवा मोजण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. इटलीतील बोरेली यांनी सतराव्या शतकात एका श्वासातील हवा मोजून पाहिली होती. हम्फ्री डेव्ही यांनी पूर्ण श्वास सोडल्यानंतरही फुफ्फुसांत उरणारी हवा हायड्रोजनच्या साहाय्याने स्वतःवरच मोजून १८०० मध्ये प्रसिद्ध केली. परंतु हे प्रयत्न मोजक्या व्यक्तींपुरते होते. निरोगी माणसाचा आकडा किती असावा हेच ठाऊक नसल्यामुळे आजाऱ्याच्या आकड्यालाही अर्थ नव्हता. ही उणीव दूर करणे हे हचिन्सन यांचे खरे कार्य होय.

स्पायरोमीटरची रचना

हचिन्सन यांच्या उपकरणात पाण्याने भरलेले एक उभे नळकांडे होते आणि त्यात दुसरे नळकांडे पालथे घातलेले असे. पालथ्या नळकांड्याचे वजन कप्पीवरून सोडलेल्या वजनांनी तोललेले असल्यामुळे ते थोड्याशा हवेनेही सहज वर उचलले जाई. तपासणी करून घेणाऱ्याने नळीतून फुंकलेली हवा पालथ्या नळकांड्यात शिरे. ते जितके वर येई त्यावरून हवेचे आकारमान बाजूच्या पट्टीवर घन इंचांत वाचता येई. हवा तापल्यावर प्रसरण पावते, म्हणून उपकरणाला तापमापक जोडलेला होता आणि प्रत्येक आकडा ६० अंश फॅरनहाइट या तापमानाला धरून दुरुस्त केला जाई.

तपासणीची पद्धतही त्यांनी ठरवून दिली होती. व्यक्तीने अंगावरील कपडे सैल करावेत, ताठ उभे राहावे, छाती भरेल इतका खोल श्वास घ्यावा आणि मग तो सावकाश, शेवटपर्यंत नळीत सोडावा. बसून किंवा आडवे होऊन फुंकल्यास आकडा कमी येतो, हेही त्यांनी दाखवून दिले. आजच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ रुग्णाला ज्या सूचना देतात, त्यांतील बऱ्याचशा सूचनांचे मूळ येथे सापडते.

फुफ्फुसांतील हवेची त्यांनी पद्धतशीर विभागणी केली. नेहमीच्या श्वासाने आत-बाहेर होणारी हवा, त्यावर जोर करून आणखी आत घेता येणारी हवा, जोर करून आणखी बाहेर टाकता येणारी हवा आणि कितीही प्रयत्न केला तरी आतच राहणारी हवा असे हे चार भाग होत. यांपैकी पहिल्या तिन्हींची बेरीज म्हणजे जीवनक्षमता.

२,१३० व्यक्तींची मोजणी

१८४४ मध्ये हचिन्सन यांनी आपले प्राथमिक निष्कर्ष लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांचा मुख्य प्रबंध १८४६ मध्ये रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे वाचला गेला. त्यात २,१३० व्यक्तींच्या मोजणीचा तपशील होता. वूलिचचे ५७३ नौसैनिक, चॅटमचे १८५ नवे शिपाई, १२१ खलाशी, लंडन महानगराचे १४४ पोलीस, अग्निशामक दलाचे ८२ जवान, १२९ निराधार, ३७० कारागीर, ९७ सुखवस्तू गृहस्थ, छापखान्यातील कामगार, मुष्टियोद्धे व पहिलवान, इतकेच नव्हे तर चार अतिउंच आणि ठेंगण्या व्यक्तीही त्यांत होत्या. आजारी व्यक्ती मात्र केवळ ६० होत्या. रोग ओळखायचा तर आधी निरोगी समाज मोजला पाहिजे, ही दृष्टी त्या काळी नवी होती.

या यादीत २६ मुलींची नोंद आहे, परंतु लहान बालकांचा स्वतंत्र वर्ग नाही. ताठ उभे राहून, सांगितल्याप्रमाणे श्वास भरून तो शेवटपर्यंत सोडणे हे समज आणि सहकार्य यांची अपेक्षा करणारे काम आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करता येत नाही.

उंचीचा नियम

या मोजणीतून हाती आलेला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष उंचीविषयीचा होता. पाच ते सहा फूट उंचीच्या दरम्यान प्रत्येक इंच उंचीमागे जीवनक्षमता सुमारे आठ घन इंचांनी, म्हणजे आजच्या मापात सुमारे १३० मिलिलिटरने वाढते, असे हचिन्सन यांना आढळले. छातीच्या घेराशी मात्र जीवनक्षमतेचा असा सरळ संबंध दिसला नाही. उंचीतील फरक प्रामुख्याने पायांच्या लांबीमुळे पडतो, मग त्याचा श्वासाशी संबंध का असावा, हे कोडे त्यांनाही पडले होते. तरीही आकडे जे सांगत होते ते त्यांनी तसेच मांडले. वाढते वय आणि स्थूलपणा यांमुळे जीवनक्षमता घटते, हेही त्यांनी नोंदवले.

या नियमामुळे एखाद्या व्यक्तीची उंची कळली की तिचा अपेक्षित आकडा सांगता येऊ लागला आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्याशी ताडून पाहणे शक्य झाले. मोजलेले आणि अपेक्षित यांची ही तुलना हाच आजच्याही फुफ्फुसचाचणीचा गाभा आहे.

फ्रीमन यांचे उदाहरण

जीवनक्षमतेचे महत्त्व पटवण्यासाठी हचिन्सन यांनी दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. चार्ल्स फ्रीमन हे अमेरिकेहून आलेले अतिशय उंच मुष्टियोद्धे होते. १८४२ मध्ये सामन्यापूर्वी त्यांची तपासणी केली असता जीवनक्षमता ४३४ घन इंच, म्हणजे सात लिटरहून अधिक भरली. दोन वर्षांनी ते प्रकृती खालावलेल्या अवस्थेत पुन्हा आले, तेव्हा हा आकडा बराच खाली आला होता. १८४५ मध्ये क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. फ्रीमन यांचा घटलेला आकडाही एखाद्या सामान्य निरोगी पुरुषाच्या आकड्यापेक्षा मोठाच होता. त्यामुळे माणसाची तुलना केवळ इतरांच्या सरासरीशी करून भागत नाही. ती त्याच्याच पूर्वीच्या मोजमापाशीही करावी लागते, हा धडा या उदाहरणातून मिळाला.

उत्तरायुष्य

१८५२ मध्ये हचिन्सन यांनी स्पायरोमीटर, स्टेथोस्कोप आणि वजनकाटा या तिन्हींचा छातीच्या रोगांच्या निदानातील व आयुर्विम्यातील उपयोग सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. उपकरणाची चर्चा झाली, पण वैद्यांच्या रोजच्या व्यवहारात ते त्यांच्या हयातीत रुजले नाही. यंत्र बोजड होते, मोजणीला वेळ लागे आणि आकड्यांवरून रोग ओळखण्याची सवय अद्याप वैद्यकाला लागलेली नव्हती.

त्याच वर्षी हचिन्सन इंग्लंड सोडून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात गेले. तेथे सोन्याच्या खाणींचा शोध लागल्यामुळे जगभरातून लोक लोटत होते. १८६१ मध्ये ते तेथून फिजी बेटांवर गेले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, वयाच्या पन्नाशीत, तेथेच त्यांचा मृत्यू झाला. लंडन सोडल्यानंतर श्वसनाविषयीचे त्यांचे संशोधनकार्य जवळजवळ थांबलेच होते.

मोजमापातील उणीव आणि दमा

हचिन्सन यांनी हवा किती बाहेर आली ते मोजले, परंतु ती किती वेळात बाहेर आली हे मोजले नाही. क्षयामध्ये फुफ्फुसाचा भागच निकामी होत असल्याने एकूण हवा कमी होते आणि हचिन्सन यांचे यंत्र ते दाखवू शके. दम्याचे तसे नाही. दम्यात श्वासनलिकांचे स्नायू आखडतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट स्राव साठतो. वाट अरुंद झाल्यामुळे हवा रेंगाळत, शिट्टीसारखा आवाज करीत बाहेर पडते. पुरेसा वेळ दिला तर ती बहुतेक सर्व बाहेर येऊही शकते. त्यामुळे दम्याच्या रुग्णाची जीवनक्षमता पुष्कळदा ठीक दिसते आणि दोष लपून राहतो.

ही उणीव सुमारे एका शतकानंतर भरून निघाली. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी जोराने सोडलेल्या श्वासातील ठरावीक वेळेतली हवा मोजण्याची कल्पना मांडली. त्यातून पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, म्हणजेच एफ.ई.व्ही.१, हे माप रूढ झाले. या मापाचे एकूण हवेशी असलेले प्रमाण कमी झाले की श्वासमार्ग अरुंद झाल्याचे समजते. श्वासनलिका सैल करणारे औषध दिल्यानंतर ते माप लक्षणीय वाढले, तर दम्याच्या निदानाला बळकटी येते. १९५९ मध्ये राइट यांचे पीक फ्लो मीटर आले आणि श्वासाचा सर्वोच्च वेग मोजणे सोपे झाले. पुढे त्याची लहान आवृत्ती रुग्णांच्या घरीही पोहोचली.

लहान मुलांमधील मोजमाप

साधारणपणे पाच-सहा वर्षांपुढील मुले स्पायरोमीटरची चाचणी समाधानकारकपणे देऊ शकतात. त्याहून लहान मुलांबाबत दोन अडचणी येतात. पहिली अडचण सहकार्याची. ओठ घट्ट मिटून, पूर्ण श्वास भरून, एकदम जोराने आणि शेवटपर्यंत फुंकणे ही क्रिया त्यांना शिकवावी लागते. यासाठी पडद्यावर मेणबत्त्या विझवण्याचा किंवा फुगा फुगवण्याचा खेळ दाखवतात आणि मुलाला त्या खेळात गुंतवतात. सराव दिल्यास तीन ते पाच वर्षांची पुष्कळ मुले चाचणी देऊ शकतात.

दुसरी अडचण शरीररचनेची. लहान मुलांच्या श्वासनलिका फुफ्फुसांच्या आकाराच्या मानाने मोठ्या असल्याने त्यांची फुफ्फुसे एका सेकंदाच्या आतच रिकामी होऊ शकतात. अशा वेळी पहिल्या सेकंदातील हवा आणि एकूण हवा एकच ठरते व मोजमापाला अर्थ उरत नाही. म्हणून या वयात अर्ध्या किंवा पाऊण सेकंदातील हवा मोजली जाते.

ज्या मुलांना फुंकणेच जमत नाही त्यांच्यासाठी शांतपणे श्वास घेत असतानाच मोजमाप करण्याच्या पद्धती विकसित झाल्या. १९५६ मध्ये मांडल्या गेलेल्या दोलन पद्धतीत मूल नळीतून नेहमीप्रमाणे श्वास घेत राहते. त्याच वेळी यंत्र दाबाच्या सूक्ष्म लहरी श्वासमार्गात सोडते. गाल थरथरून आकडा बिघडू नये म्हणून मोठी व्यक्ती मुलाचे गाल तळहातांनी धरून ठेवते. दाब आणि प्रवाह यांच्या संबंधावरून श्वासमार्गाचा अडथळा काढला जातो. दुसऱ्या एका पद्धतीत झडप सुमारे सेकंदाच्या दशांश भागापुरती बंद करून तोंडातील दाब मोजतात. त्या क्षणी तो फुफ्फुसातील दाबाइतका असतो असे मानून अडथळ्याचे गणित मांडले जाते. तान्ह्या बाळांमध्ये औषधाने झोप आणून, छातीभोवतीच्या फुगणाऱ्या जाकिटाच्या दाबाने श्वास बाहेर काढून मोजमाप करतात, परंतु ही चाचणी मोजक्या विशेष केंद्रांतच होते.

२००७ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांच्या फुफ्फुसचाचण्यांविषयी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये तीन ते ९५ वर्षे वयाच्या व्यक्तींसाठी एकाच सूत्रात बसणारी जागतिक प्रमाणके तयार झाली. वय आणि लिंग यांच्याबरोबर उंची हा या प्रमाणकांचा मुख्य आधार आहे.

वाढत्या मुलांच्या बाबतीत हचिन्सन यांचा उंचीचा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रौढाचा आकडा वर्षभरानंतर तितकाच आला तर प्रकृती स्थिर आहे असे म्हणता येते. मुलाचे तसे नसते. वर्षभरात सहा सेंटिमीटर उंची वाढलेल्या मुलाने गतवर्षीइतकीच हवा फुंकली, तर तो आकडा स्थिर नसून मागे पडलेला असतो. म्हणून प्रत्येक चाचणीच्या वेळी मुलाची उंची नव्याने मोजणे आवश्यक असते. जुनी किंवा अंदाजाने सांगितलेली उंची लिहिल्यास वाढ न झालेले फुफ्फुसही कागदावर निरोगी दिसू शकते.

या चाचण्यांना मर्यादाही आहेत. दोन झटक्यांच्या मधल्या काळात दमा असलेल्या मुलाचा आकडा अगदी योग्य येऊ शकतो, त्यामुळे चांगल्या आकड्याने दमा नाही असे सिद्ध होत नाही. लहान वयात सर्दीच्या विषाणूंमुळे घरघर होणाऱ्या सर्वच मुलांना पुढे दमा होतो असेही नाही. पाच वर्षांखालील मुलांत निदान आजही मुख्यतः लक्षणांचा इतिहास, कौटुंबिक पार्श्वभूमी, तपासणी आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवरून केले जाते. मोजमाप त्याला पूरक ठरते.

उपकरणाचा गैरवापर

स्पायरोमीटरच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. अमेरिकेतील लुइझियाना येथील वैद्य सॅम्युएल कार्टराइट यांनी या उपकरणाचे आकडे वापरून गुलाम कृष्णवर्णीयांची फुफ्फुसे जन्मतःच दुबळी असल्याचे सांगितले आणि त्यावरून गुलामगिरीचे समर्थन केले. राहणीमान, पोषण आणि श्रम यांचा विचार न करता वंशाला कारण ठरवणारी ही समजूत पुढे प्रमाणकांत शिरली. वंशानुसार आकड्यांत सूट देण्याची प्रथा त्यामुळे दीर्घकाळ चालली. अशा सुटीमुळे खराब झालेले फुफ्फुसही त्या वंशासाठी ठीक मानले जाण्याचा धोका होता. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशाचा विचार न करणारी प्रमाणके वापरण्याची शिफारस केली. हचिन्सन यांच्या मूळ तक्त्यात माणसांची विभागणी प्रामुख्याने व्यवसायानुसार होती.

वारसा

हचिन्सन यांच्या मृत्यूनंतर पाण्याच्या नळकांड्याची जागा हलक्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली. तरी जीवनक्षमता ही संज्ञा, पूर्ण श्वास भरून तो शेवटपर्यंत सोडण्याची पद्धत, उंचीवरून अपेक्षित आकडा काढण्याची रीत आणि आजाऱ्याआधी निरोगी माणसे मोजण्याची शिस्त या चारही गोष्टी टिकून आहेत. लहान मुलाला आपली धाप शब्दांत सांगता येत नाही. छाती दाटली आहे हे त्याचे मोठ्यांना त्याच्या खेळण्यावरून, झोपेवरून आणि खोकल्यावरून ओळखावे लागते. अशा मुलाच्या श्वासाला कानाच्या अंदाजाबरोबर आकड्याचाही आधार मिळाला, याचे श्रेय हचिन्सन यांनी सुरू केलेल्या मोजमापाकडे आणि त्यातील उणिवा पुढे भरून काढणाऱ्या संशोधकांकडे जाते.